सावधानच्या आधीचा श्वास

मामा, तुमच्या रक्षाविसर्जनाला नदीकाठी माईकनं शिट्टी मारली आणि सात-आठ माणसं एकदम मागं वळून तुम्हालाच शोधायला लागली. मीही वळलो. आपल्या बावडा गावात कुठल्याही मांडवात माईक कोकलला की स्पीकरवाले दिनकरमामा कुठं आहेत ते बघायचं, ही सगळ्यांची जुनी सवय. ज्यांची रक्षा सोडायला आलोय तेच आता येऊन वायर नीट करतील, असं क्षणभर वाटून गेलं. कुणीतरी ओशाळून हसलं आणि मामींनी पदर तोंडाला लावला. तुम्ही असता तर त्या स्पीकर लावणाऱ्याची तिथंच बिनपाण्यानं केली असती.

मग भाषणं झाली. माझ्याही हातात माईक आला, कारण मी तुमच्या हाताखाली शिकलेला आणि आता घरी रेकॉर्डिंग स्टुडिओ थाटलेला मोठा माणूस. मी म्हणालो, "मामा माझे गुरू होते." लोकांनी माना हलवल्या. मामा, हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. तुम्ही जिवंत असताना, चार लोकांत, एकदाही नाही. ज्या दिवशी ते म्हणायची वेळ आली होती त्या दिवशी मी काय म्हणालो, ते घाटावर उभा होतो तोवर फक्त तुम्हाला, मला आणि एका दुकानदाराला माहीत होतं. म्हणून लिहायला बसलोय. तिथं घाटावर मी खोटं बोललो नाही, पण खरं बोलायला फार उशीर केला.

तुम्ही काही माझ्या आईचे सख्खे भाऊ नव्हता. त्याच गल्लीतले, आईनं कधीतरी राखी बांधली आणि तेव्हापासून मामा झालात. माझं कॉलेज संपलं, नोकरीच्या नावानं बोंब होती, तेव्हा घरात बसून भिंती मोजतोयस त्यापेक्षा चल, असं म्हणून तुम्ही मला टेम्पोत बसवलंत. वायर गुंडाळायला शिकवलीत, एक वेढा सरळ आणि एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. माईकवर फुंकर मारायची नाही आणि टिचक्याही मारायच्या नाहीत. तुझ्या कानात कुणी असं फुंकलं तर चालंल का, असं विचारायचात. आजही कुणी माझ्या माईकवर फुंकलं की माझा हात त्याच्या पाठीत घालायला शिवशिवतो.

आणि मंगलाष्टका. लग्नात म्हणायला कुणी पुढं आलं नाही की तुम्हीच माईक घ्यायचात. पुढं पुढं लोक स्पीकर ठरवायला यायचे ते तुमच्या मंगलाष्टकांसाठीच. नवरा-नवरीची गावं, आजोळ, कुलदैवत, गेलेल्या आज्या, सगळी नावं तुम्ही कडव्यात बसवायचात, आणि ती लांबलचक ओळ एका दमात ओढून 'सावधान'वर आणून सोडायचात. ओळीत मधे थांबायचं नाही, हा तुमचा कडक नियम. "मधे थांबलं की अक्षता पडत्यात," असं म्हणायचात. खरंच होतं ते. मुठीत तांदूळ धरून उभं राहिलेल्या माणसाचा अर्धा जीव पंगतीत असतो. म्हणणारा जरा थांबला की झालं वाटून तो अक्षता टाकून मोकळा होतो, आणि मग खऱ्या सावधानला मांडवभर रिकामे हात. दुसऱ्यांच्या लग्नांत असं पुष्कळदा झालेलं मी बघितलंय, तुमच्या मांडवात नाही.

तीन वर्षांपूर्वी मी वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्टुडिओ करायचं ठरवलं. आवाजाचा माईक कुठला घ्यायचा यावर मी चार महिने व्हिडिओ बघत होतो. जेवताना, अंघोळीला पाणी तापेपर्यंत, सदानकदा तेच. कंडेन्सर माईक नाजूक असतो, लांबचं आणि बारीकही टिपतो, मोठ्या स्टुडिओंत तोच असतो. डायनॅमिक म्हणजे आपला मांडवातला, तोंडाजवळ धरला की तोंडाचंच ऐकतो, बाकीच्या जगाशी त्याला देणंघेणं नाही. मला कंडेन्सरच पाहिजे होता. खरं तर मला माईकपेक्षा तो धरून काढलेला फोटो जास्त पाहिजे होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आधी खोली बघ, मग तोंड बघ. माईक सगळ्यात शेवटी बघायचा असतोय."

दुकानात आपण तुमच्या टेम्पोतून गेलो. दुकानदार चटपटीत होता, मीही त्याच्यापुढं इंग्रजी शब्द फेकत होतो. त्यानं तुमच्याकडं बघून हे कोण म्हणून विचारलं. तुम्ही टेम्पोची किल्ली हातात धरून माझ्या शेजारीच उभे होता. मी म्हणालो, "हे आमच्या गल्लीतले मंडपवाले. टेम्पो त्यांचा आहे."

तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाहीत. दोन्ही माईक लावायला सांगितलंत, डोळे मिटून हेडफोन कानाला लावलात आणि मला बोलायला लावलंत. जवळून, मग हातभर लांबून, मग तोंड फिरवून. मधेच पाठीमागं किल्ल्या वाजवल्यात. एवढं करून तुम्ही डायनॅमिकवर बोट ठेवलंत. ह्याच्या खोलीला कान कमी असलेलाच बरा, असं म्हणालात. दुकानदार हसला. काका, हा सभेला ठीक आहे, स्टुडिओला नाही, असं त्यानं समजावलं. आणि मीही हसलो, मामा. "त्यांचं तसंच असतं," असं त्याला म्हणालो. तुम्हाला ऐकू गेलं होतं. सगळ्या बावड्यात तुमच्याइतके तिखट कान कुणाचे नव्हते.

येताना तुम्ही एवढंच बोललात की पेटी मांडीवर घे, रस्त्याला खड्डे आहेत.

पहिल्याच दिवशी त्या कंडेन्सरनं माझी जिरवली. हंगाम चालू होता. साखर कारखान्याकडं जाणारे उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून खालून जात होते, घरात कुकर शिट्ट्या देत होता, आणि माझ्या आवाजाच्या मागं हे सगळं हजर. तुम्ही हेडफोन लावून बराच वेळ ऐकत बसलात. शेजारच्या काकू भांडी घासताना बांगड्या मागं सारत होत्या, त्यासुद्धा तुम्ही मला ऐकवल्यात. मग हेडफोन काढून म्हणालात, "हा लई ऐकतोय रं. एवढं ऐकणारं मानूस घरात परवडत न्हाय."

मी फुगून बसलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही मामींनी हातानं शिवलेल्या दोन जाड वाकळा घेऊन आलात. एक खिडकीवर ठोकलीत, एक गाणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर टाकलीत, आणि खोली एकदम शांत झाली. माझा स्टुडिओ चालला तो त्या वाकळांवर. जुन्या लुगड्यांच्या आणि तुमच्या सदऱ्यांच्या त्या वाकळा. लोक विचारायचे तेव्हा मात्र मी खोलीला आवाजाची ट्रीटमेंट करून घेतली आहे असं सांगायचो, कुणाकडून ते सांगायचो नाही. पुढं काम वाढलं, भिंतीला काळा स्पंज लावला आणि वाकळा गच्चीवर पाण्याच्या टाकीवर पांघरल्या. एकदा तुम्ही वर आलात आणि तुम्हाला त्या तिथं दिसल्या. वाऱ्यानं एकीचा कोपरा उडत होता. तुम्ही तो नीट केलात, वर एक वीट ठेवलीत आणि चहा प्यायला खाली आलात.

तेव्हाच भांडला असता तर बरं झालं असतं. आपलं माईकचं भांडण तुम्ही कधी संपवलंच नाहीत. भेटलात की हसून विचारायचात, काय म्हणतोय तुझा कान? मी म्हणायचो, मजेत. बस्स.

मग यंदा पल्लवीचं लग्न ठरलं. तुम्हाला दादा म्हणणारी तुमची एकुलती एक लेक, उचगावात दिली. तुम्ही पेढे घेऊन वर आलात, दोन जिने चढून आल्यावर जरा वेळ भिंतीला टेकून उभे राहिलात आणि म्हणालात, "पल्लवीच्या लग्नात मी माईकवाला न्हाय. बाप म्हनून हुबा ऱ्हानार." आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींना तुम्ही गात गात बोहल्यावरून सासरी पाठवलंत. आपल्या लेकीच्या वेळी हात मोकळे पाहिजेत, आवाज आधीच भरून ठेवू, असं तुमचं म्हणणं. मला ते इतकं आवडलं की तुम्ही भिंतीला का टेकलात हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

रेकॉर्डिंगला तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आलात. खिशातून रुमालात गुंडाळलेला तुमचा जुना डायनॅमिक काढलात, जाळी चेपलेला, आणि ह्याच्यावर घेऊ या का म्हणून विचारलंत. मी म्हणालो, मामा, आपण प्रोफेशनल करू. तुम्ही तो परत रुमालात गुंडाळून खिशात ठेवलात.

तुम्ही गायला लागलात आणि ओळीच्या मधे श्वास आला. ज्या ओळी तुम्ही एका दमात ओढायचात त्यांचे दोन-दोन, तीन-तीन तुकडे व्हायला लागले. माझ्या महागड्या माईकनं तो श्वास असा टिपला की बाजूला बसून कुणी कण्हतंय असं वाटावं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सुरांच्या मधे त्याच्या गाठी दिसत होत्या. मला वाटलं, सवय सुटली, वय झालं. नंतर एका जाहिरातीचं काम होतं, लोक येऊन खाली बसणार होते, माझं लक्ष घड्याळाकडं. मी काचेआडून म्हणालो, "मामा, श्वास ऐकू येतोय. परत घेऊ." तुम्ही परत घेतलंत. मी परत तेच म्हणालो. पाणी प्यायलात. जरा बसून म्हणू का, असं विचारलंत. बसलं की आवाज दबतो, उभेच राहा, असं मी सांगितलं. कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं होतं. मग मी तुम्हाला, तुम्हाला, मामा, शिकवलं की श्वास घेताना तोंड बाजूला फिरवायचं. शाळेतल्या पोरासारखं तुम्ही ते केलंत.

शेवटी तुम्ही म्हणालात, "माफ कर लेका. आज दम पुरंना झालाय."

मी म्हणालो, काही नाही, मी काढून टाकतो.

आणि टाकला. एकूण एक श्वास शोधून कापला, ओळी जोडल्या, सांधा कुठं दिसू नये म्हणून दोन दिवस खपलो. एवढं मन लावून मी कुठलंच काम केलेलं नाही, आणि ते हे. तुम्ही ऐकायला आलात, दारातच चपलांसकट उभं राहून हेडफोन लावलात. चेहरा उजळला तुमचा. हा तर जुना मी, असं म्हणालात. मधे कुठं थांबलोय का, विचारलंत. कुठंच नाही, मी म्हणालो. "मग बरं. अक्षता पडायच्या न्हाईत," असं म्हणून तुम्ही जिना उतरायला लागलात. एका पायरीवर थांबलात, पुन्हा उतरलात. मी वरून बघत होतो. तुमचं ते समाधान मी मनात धरून ठेवलंय, दुसरं माझ्याकडं धरण्यासारखं फारसं नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, छातीत पाणी साठत असणार, कित्येक महिने दम लागत असेल. घरात कुणालाच पत्ता नव्हता. उशीवर उशी घेऊन झोपायचात, मामींना वाटायचं मान धरलीय. टीव्हीही अलीकडं मोठ्यानं लावायचात म्हणे. धाप कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, ते आता कळलं.

उत्तरकार्य झाल्यावर मामी पल्लवीला घेऊन माझ्याकडं आल्या. लग्नाची तारीख तीच ठेवायची, दारातच मांडव घालायचा, वाजंत्री नाही, असं थोरल्यांनी ठरवलं होतं. त्यांना तुमचा आवाज ऐकायचा होता. मी तो लावला, माझं सुबक काम. मामींनी डोळे मिटून आख्खं ऐकलं. संपल्यावर म्हणाल्या, "आवाज त्यांचाच हाय. पन ह्यात ते श्वास कुठं घेत्यात?"

मी सांगितलं की तो काढता येतो, मी काढलाय. मग धान्य निवडताना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काढून ठेवलायस, का टाकून दिलायस?"

ठेवला होता, मामा. कच्चं रेकॉर्डिंग मी पुसत नाही, ही शिस्तही तुमचीच. त्या गेल्यावर मी ते उघडलं. तुमचा श्वास होता त्यात, सगळा. आणि प्रत्येक श्वासाच्या मागून माझा आवाज होता. परत घेऊ. बसू नका. तोंड फिरवा. परत घेऊ. अकरा वेळा मी तुम्हाला श्वासाबद्दल बोललोय. तो आवाज ऐकून मला माझीच किळस आली. तुमच्यावर कुणी दुसऱ्यानं असा आवाज चढवला असता तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

तेव्हा मी काय केलं, तेही सांगतो. मी स्वतःला कापून काढलं. फार वेळ लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. मामींना तुमचा श्वास पाहिजे होता, माझी मुक्ताफळं कशाला, अशी मनाची समजूत घातली. मग शांतपणे ऐकायला बसलो. आता त्यात तुम्ही एकटेच होता. थांबायचात, धापा टाकायचात, कुणीच काही म्हणत नसताना मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात. आणि शेवटी रिकाम्या खोलीत कुणाची तरी माफी मागायचात. माझ्या अपराधाची माफी तुम्ही मागताय आणि मी तिथं नाहीच, असं झालं होतं ते. मी ती कापलेली फाईल पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी मामींना आणि पल्लवीला बोलावून मी सगळं जसंच्या तसं ऐकवलं. मामींना त्याच जागी बसवलं, जिथं तुम्हाला मी बसू दिलं नव्हतं. माझा आवाज आला की मी जमिनीकडं बघायचो. पल्लवी माझ्याकडं बघत होती, ते न बघताही कळत होतं. 'माफ कर लेका' आलं आणि ती उठून गच्चीवर निघून गेली. मामी शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, द्याव्यात असं फार वाटत होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"तुला ऐकू येत हुता की रं," त्या म्हणाल्या. "मला घरात कदी ऐकू आला न्हाय."

त्यात राग नव्हता, मामा. हेवा होता. मला जे ऐकायला मिळालं ते त्यांना मिळालं नाही, एवढंच त्यांना वाटत होतं. शिव्या परवडल्या असत्या. तुम्ही म्हणाला होता की हा माईक लई ऐकतो. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. त्यानं तुमचं दुखणं घरच्यांच्या आधी, डॉक्टरांच्या आधी ऐकलं आणि माझ्या कानात आणून घातलं, आणि मी ते कचरा म्हणून कापलं. बसा म्हणालो असतो, खाली चला म्हणालो असतो, मामींना एक फोन केला असता. काय झालं असतं कुणास ठाऊक. नुसतं एवढं तरी विचारलं असतं, मामा, दम का लागतोय.

पल्लवी गच्चीवरून आली ती हातात वाकळ घेऊन. ऊन-पावसानं विटलेली, टाकीवरची. तिनं ती ओळखली होती, कारण त्यात तिच्या शाळेच्या फ्रॉकचा तुकडा होता. हे इथं कसं, असं तिनं विचारलं, आणि मी तेही सांगितलं. त्या दिवशी मी काहीच लपवायच्या अवस्थेत नव्हतो. दुकानातलंसुद्धा सांगितलं. तिनं वाकळेची घडी घातली. मग म्हणाली, "लग्नात साफ केलेलं न्हाय लावायचं. श्वासाचं लावायचं." मी म्हणालो, अगं, मधे थांबलेत ते, दादांना चालायचं नाही. ती म्हणाली, दादा न्हाईत आता ठरवायला.

दोन्ही वाकळा मी धुतल्या आणि स्पंजावरून परत टांगल्या आहेत. खोलीत आल्यावर लोक विचारतात. मी तुमचं नाव सांगतो. कुणाचं म्हणून विचारलं तर माझ्या गुरूंचं म्हणतो. तीन वर्षं उशीर झालाय आणि त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही, हे मला कळतं.

परवा लग्न आहे. मांडवात स्पीकर मीच लावतोय. भटजींना तुमचा चेपका डायनॅमिक देणार, मामींनी तो रुमालासकट माझ्याकडं दिलाय. तुमच्या मंगलाष्टका मी वाजवून बघितल्या, फक्त माझं बोलणं, परत घेतलेल्या ओळी आणि ती माफी तेवढी लग्नापुरती काढलीय. पहिल्याच कडव्यात, उचगावच्या आजीचं नाव संपतं तिथं, तुम्ही थांबता आणि छाती भरून श्वास घेता. चांगला चार-पाच आकडे मोजून होतील एवढा लांब. सावधान अजून बरंच पुढं आहे. पण तिथं सगळ्या मांडवाच्या मुठी सैल होणार, हे मला आत्ताच दिसतंय.

लोक मधेच अक्षता टाकतील, मामा. टाकू देत.